साखरेचा रेक : मागणी, वॅगनची तपासणी आणि कागदपत्रं

पूर्ण रेक, म्हणजे एका मालगाडीच्या सगळ्या वॅगन, मागायला साखर कारखानदारच असावं लागतं असं नाही. व्यापारीही मागणी नोंदवू शकतो. मात्र चढवण्याचा आणि उतरवण्याचा, दोन्ही मालधक्के त्या मालासाठी खुले हवेत. मागणी 'एफओआयएस' या रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीतल्या ई-आरडी (ऑनलाइन मागणी नोंदणी) खात्यातून जाते. पॅन, जीएसटी क्रमांक, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि नोंदणी शुल्क तयार ठेवा.

साखरेला बंद वॅगन लागते, बीसीएन किंवा बीसीएनएचएल. वॅगनच्या ११ अंकी क्रमांकाचे पहिले दोन अंक ३० ते ३९ मधले असले की ती बंद वॅगन. शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणून क्रमांक घाईत उतरवू नका.

रेक लागल्याची वेळ नोंदली गेली की मोफत वेळ सुरू होते आणि ती संपली की डेमरेज, म्हणजे वॅगन अडवून ठेवल्याचा आकार. त्यामुळे सगळे थेट पोती चढवायला धावतात आणि तिथेच फसतात. आधी आत माणूस उभा करून दारं ओढून घ्या. छतातून किंवा दाराच्या फटीतून सुईएवढा उजेड दिसला, तरी पावसात पाणी येणारच. कोपऱ्यात आधीच्या खताची भुकटी आहे का, तळ ओला आहे का, खिळा वर आलाय का, हेही बघा. गळकी वॅगन भरण्याआधी तिचा क्रमांक घालून मालधक्क्यावर लेखी द्या; तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. पोती दाराला टेकवून रचू नका, दार उघडताना थप्पी अंगावर येते.

बीसीएनएचएलचं एकूण वजन ९१.६ टन, रिकामी २०.८, म्हणजे माल ७०.८ टन. ५० किलोची १४०० पोती म्हणजे ७० टन, पण तागाचं पोतं स्वतः अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. ७०० किलो तिथेच वाढले. काट्यावर जास्त भरलं तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ७३ खाली दंडात्मक आकार बसतो. त्या मार्गावर किती भरायची परवानगी आहे, तेही आधी विचारा.

मालाचं नाव, वजन आणि पोत्यांची संख्या फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे माल पाठवताना रेल्वेला द्यायच्या अर्जात, नेमकी लिहा. रेल्वेच्या माणसाने मोजणी केली नाही, तर पावतीवर 'सेड टु कंटेन' (पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार) येतं आणि तूट निघाल्यास किती माल चढवला होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. भरपाईची लेखी नोटीस सहा महिन्यांच्या आत. माल वाहतुकीसाठीचं जीएसटीचं ई-वे बिल विसरू नका. ते दाखवल्याशिवाय उतरवण्याच्या ठिकाणी रेल्वे माल सोडत नाही.