मिठाला पाणी सुटलं की पुस्तकांकडे बघा

घरात वाचनासाठी कोपरा करायचा म्हटलं, की ठाण्या-नवी मुंबईत तो हटकून एकाच जागी होतो: खिडकीबाहेरच्या फ्लॉवर बेडवर. बिल्डरने कुंड्यांसाठी म्हणून भिंतीबाहेर काढलेली दीड-दोन फुटांची पट्टी आत घ्यायची (ते नियमात बसतं का हा वेगळा विषय), तिच्यावर चार इंची गादी टाकायची, शेजारी भिंतीला चिकटवून शेल्फ करायचं आणि वर एक पिवळा दिवा. डिसेंबरात फोटो झकास येतो. ऑगस्टात गादी उचलली, तर खालच्या अस्तरावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके असतात आणि शेल्फातल्या कापडी बांधणीच्या पुस्तकांवर राखाडी लव आलेली असते.

त्यावर दर पावसाळ्यात मोबाइलवर एक सल्ला फिरतो: शेल्फच्या कोपऱ्यात वाटीभर खडे मीठ ठेवा, ते ओल ओढून घेतं. वास्तूवाल्यांकडेही हीच वाटी आहे. तिथे मीठ 'नकारात्मक ऊर्जा' शोषतं, आणि ते ओलं झालं म्हणजे घरात अशी ऊर्जा किती होती याचा पुरावाच मिळाला! मीठ ओलं होतं यात शंका नाही. पण ते नेमकं कधी आणि का ओलं होतं हे कळलं, तर वाचनकोपरा कुठे करावा आणि कुठे करू नये याचं निम्मं उत्तर हाती येतं.

हवेत बाष्प किती मावतं हे तापमानावर ठरतं, एवढं शाळेत झालेलं असतं. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावतं. जुलैत आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता (मावेल त्यातलं किती टक्के बाष्प हवेत आहे ते) ८५ टक्के असणं रोजचंच, म्हणजे हवेत २३ ग्रॅम बाष्प आहे आणि जागा उरली आहे जेमतेम चार ग्रॅमची. हीच हवा २५ अंशांपर्यंत गार झाली की ती जागाही संपते आणि दव पडायला लागतं. हे २५ अंश म्हणजे त्या हवेचा दवबिंदू.

आता मीठ. मिठाच्या कोरड्या खड्यावर पाण्याच्या रेणूंचा अगदी पातळ थर कायम असतो. त्या थरात थोडं मीठ विरघळतं आणि संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असं, द्रावण तयार होतं. या द्रावणातून बाहेर पडू बघणाऱ्या पाण्याच्या रेणूंना सोडियम आणि क्लोराइडचे आयन धरून ठेवतात, म्हणून त्याचा बाष्पदाब (पाण्याचा वाफ होऊन बाहेर पडण्याचा जोर) शुद्ध पाण्यापेक्षा कमी असतो. किती कमी? १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. म्हणजे ५.५ मोल पाण्यामागे दोन्ही आयन मिळून सव्वा मोलच्या आसपास. नुसत्या संख्येच्या हिशेबाने (राउल्टचा नियम) बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या ८२ टक्के यायला हवा. प्रत्यक्षात तो ७५ टक्के भरतो, कारण आयन केवळ जागा अडवत नाहीत, भोवतीचे पाण्याचे रेणू विद्युत आकर्षणाने घट्ट बांधतात. हिशेब डोक्यावरून गेला तरी ७५ हा आकडा तेवढा लक्षात ठेवा, कारण हवेच्या सापेक्ष आर्द्रतेशी तो थेट ताडून बघता येतो. हवा त्याहून दमट असेल, तर मीठ हवेतलं पाणी घेत राहतं आणि घेता घेता स्वतः विरघळतं. हवा त्याहून कोरडी असेल, तर ते काहीही घेत नाही.

खड्या मिठाला पिशवीतल्या बारीक मिठाच्या आधी पाणी सुटतं. मिठागरांत समुद्राचं पाणी आटवून जे मीठ मिळतं, त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहून जातं, आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं. म्हणून प्रयोगाला पिशवीतलं शुद्ध केलेलं मीठ घ्यावं.

मिठाच्या वाटीची मर्यादा इथेच दिसते. ती कितीही मोठी ठेवली, तरी हवा ७५ टक्क्यांच्या फारशी खाली नेणं तिला शक्यच नाही. त्यातही वाटीच्या तोंडातून दिवसभरात आत जाणार ते चमचा-दोन चमचे पाणी. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंच खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. ती ८५ वरून ६० टक्क्यांवर आणायला पावणेदोनशे मिलिलिटर पाणी काढावं लागतं, आणि फटींमधून दर दोन तासांनी खोलीतली हवा बदलते असं धरलं, तर दिवसाला दोन लिटर. माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं बाष्प वेगळंच. हे काम डीह्युमिडिफायरचं किंवा एसीचं आहे.

पण मापक म्हणून मीठ उत्तम. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना रुजायला लागते ती पृष्ठभागावरची ओल. साधारण ७५ ते ८० टक्क्यांच्या वर त्यांचं फावतं. ८० च्या आसपास आठवडे लागतात, ९५ ला काही दिवस पुरतात. मिठाची आणि बुरशीची सीमारेषा जवळजवळ एकच असणं हा निव्वळ योगायोग, पण आपल्या फार सोयीचा. बरणीतलं मीठ चिकट झालं, की पुस्तकांवर नजर ठेवायचे दिवस सुरू झाले.

नेमका आकडा हवा असेल, तर चार-पाचशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. स्वस्त मापक पाच-सात टक्के सहज चुकतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून बारा तास डबा उघडू नका. मापकाने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं, तर यापुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. मापक झाकणाला टेकला किंवा डबा नीट बंद नसला, तर परीक्षा वाया जाते.

आता हा मापक खोलीच्या मध्यभागी, टेबलावर ठेवून तो '७०' म्हणतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. बुरशी भिंतीला टेकून बसते आणि तिथली आर्द्रता वेगळी असते. जूनपासून आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. झड थेट त्या बाजूच्या भिंतींवर बसते. सिमेंटच्या गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत मुरतं. विशेषतः आरसीसीचा खांब किंवा बीम आणि विटांचं बांधकाम यांच्या सांध्यात, कारण दोन्ही उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि भेग तिथेच पडते. भिजलेली भिंत बाहेरून वाळताना माठासारखी गार होते. पावसाळ्यात माठ फारसा गार होत नाही हे खरं, पण इथे दोन अंश पुरतात. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के असताना भिंत २६ अंशांवर असेल, तर भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ९५ टक्क्यांवर जाते. पाण्याचा एक थेंब दिसत नाही, हात लावला तर भिंत कोरडीच लागते, आणि बुरशीची मात्र चैन असते.

खोलीच्या कोपऱ्यात तर दोन बाहेरच्या भिंती एकत्र येतात आणि पंख्याची हवा तिथे पोचत नाही. फ्लॉवर बेड त्याहून वाईट: समोर आणि दोन्ही बाजूंना पाऊस, खालीही उघडा स्लॅब. आणि वास्तुशास्त्र काय सांगतं? जड कपाटं नैर्ऋत्येला ठेवा. कोकणपट्टीत पुस्तकांच्या कपाटासाठी याहून वाईट दिशा शोधून सापडणार नाही.

जागा ठरवण्याआधी जुलैत एक साधी चाचणी करावी. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरून गळती बंद केल्याशिवाय आतून कितीही वॉटरप्रूफ रंग मारा, वर्षभरात पोपडे येणारच. थेंब खोलीकडच्या अंगाला आले, तर दोष हवेचा आहे. दोन्हीकडे कोरडं असेल तर जागा चांगली. बहुतेक फ्लॅटमध्ये ही जागा दोन खोल्यांमधली आतली भिंत असते. मात्र पलीकडच्या बेडरूममध्ये रात्रभर एसी चालत असेल, तर हॉलच्या बाजूला तीच भिंत गार पडते आणि वरचं २६ अंशांचं गणित तिथेही लागू होतं.

खिडकीचीच हौस असेल, तर ती पूर्वेची किंवा उत्तरेची घ्यावी आणि जूनआधी स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करावीत. ती सिमेंटने आणि धुळीने बुजलेली असतात. मग पट्टीत साचलेलं पाणी वाऱ्याच्या दाबाने आत येतं आणि आपण काचेला दोष देतो.

एसीचीही एक मेख आहे. २४ अंशांवर रात्रभर एसी चालला की पुस्तकं, भिंती, लाकूड सगळं गार होतं. सकाळी कोणी 'मोकळी हवा येऊ दे' म्हणून खिडक्या उघडतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंश, पुस्तकाचं गुळगुळीत मुखपृष्ठ २४ वर. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरते, तेच इथे सगळ्या शेल्फवर होतं. एसी बंद केल्यावर तास-दीड तास खिडक्या बंदच ठेवाव्यात.

शेल्फ भिंतीपासून दोन इंच पुढे असावं, तळाचा कप्पा जमिनीपासून चार-सहा इंच वर. प्लाय आयएस ७१० चा (म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय) असला तर उत्तम. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एका पावसाळ्यात कडांना फुगतात. पुस्तकं इतकी ठासू नयेत की दोन बोटांनी एक काढता येणार नाही.

काचेचं, नीट बंद होणारं कपाट असेल तर त्यातली पुस्तकंच सर्वांत मोठी शोषक असतात. कागदातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. ५५ टक्के आर्द्रतेत असलेली वीस किलो पुस्तकं (म्हणजे जेमतेम दोन फूट शेल्फ) ८५ टक्क्यांत नेली, तर पाऊण ते एक किलो पाणी पितात. याच्यापुढे बुटांच्या खोक्यात सापडणारी सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी काय करणार? ती दीड-दोन ग्रॅम पाणी घेऊन गप्प बसते. उलट फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी पुस्तकं मोकळी ठेवून, मग दाराला ब्रशची किंवा रबराची पट्टी लावून कपाट बंद केलं, तर कोरडा कागदच आतली आर्द्रता कित्येक आठवडे थोपवून धरतो. पुस्तकं सादळल्यावर कपाट बंद केलं तर हाच गुण उलटतो: कागद आतल्या आत पाणी सोडत राहतो. बाजारात मिळणारे ओल शोषणारे डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. ते ३० टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं, त्यामुळे बंद कपाटात ते खरंच उपयोगी पडतात. डबा सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावा. सांडलेलं द्रावण लाकूड आणि बिजागऱ्या खातं. डांबरगोळ्यांचा ओलीशी काही संबंध नाही. त्या किड्यांसाठी असतात, आणि जिथे बसून तासन् तास वाचायचं तिथे ती वाफ नाकात कशाला घ्यायची?

बैठकीचं थोडक्यात. उंची १७-१८ इंच, खोली २०-२२ इंच, पाय पसरायचे तर लांबी चार फूट. ४० डेन्सिटीचा चार इंची फोम बसायला पुरतो, ३२ चा दोन-तीन वर्षांत मध्ये खचतो. फोम सरळ स्लॅबवर किंवा सलग प्लायवर टाकू नये. अंगातलं बाष्प फोममधून खाली उतरतं आणि गार पृष्ठभागावर अडतं. मिरपुडीसारखे ठिपके तिथून येतात. मध्ये अर्ध्या इंचाच्या फटी ठेवून लाकडी पट्ट्या मारल्या, की हवा खेळती राहते.

दिव्याला वॅट विचारू नका, ल्युमेन विचारा, म्हणजे त्यातून एकूण उजेड किती निघतो ते. ४५० ल्युमेनचा, म्हणजे साधारण पाच वॅटचा एलईडी, खाली उजेड टाकणाऱ्या शेडमध्ये, पुस्तकापासून सव्वादोन फुटांवर असला तर कागदावर ४०० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड पडतो आणि तो वाचनाला भरपूर आहे. तोच साडेचार फुटांवर नेला तर शंभर. दिवा खांद्यामागून, किंचित बाजूने यावा, नाहीतर गुळगुळीत कागद चमकतो. कमी उजेडात वाचून डोळे थकतात, डोकं दुखतं. पण मोठ्या माणसाची नजर त्याने कायमची अधू होत नाही.

एवढं करूनही एखाद्या पुस्तकावर लव दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नये. बुरशी कापडाच्या विणीत आणखी खोल जाते. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाकीच्यांपासून वेगळं काढा, एसीच्या कोरड्या खोलीत पानं पंख्यासारखी उघडून उभं ठेवा, आणि लव वाळून भुकटी झाली की एन ९५ मास्क लावून बाल्कनीत मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने झटका. कडक उन्हात ठेवलं तर मुखपृष्ठ वाकतं आणि रंग उडतो. पाऊस ऑक्टोबरात जातो, पण विटांमध्ये मुरलेलं पाणी लगेच जात नाही. पुढे ओढलेलं शेल्फ पुन्हा भिंतीजवळ न्यायचं असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत प्लास्टिकचा तुकडा आणखी दोन दिवस चिकटवून बघा.