कॅप्चर कार्डावरील चित्रविलंब

डीएसएलआर, मिररलेस किंवा हँडीकॅम एचडीएमआय केबल आणि कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचे चित्र यूएसबीवाटे संगणकाला देणारे उपकरण) यांमार्फत संगणकाला जोडून वेबकॅमसारखा वापरला की समोरची घटना आणि पडद्यावर दिसणारे तिचे चित्र यांत थोडे अंतर पडते. या अंतराला चित्रविलंब म्हणतात. ते साधारणपणे सेकंदाच्या दहाव्या ते चौथ्या भागाइतके असते. बोलण्यात ‘डिले’ किंवा ‘लॅग’ हेच शब्द चालतात. वऱ्हाडातले स्टुडिओवाले ‘आवाज पुढं पयते अन् चित्र मांगं राह्यते’ अशी तक्रार करतात. खरी अडचण त्यातच आहे. दोन्ही सारखेच उशिरा आले तर पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत वेबकॅम मिळेनासे झाले आणि जवळचा कॅमेराच संगणकाला जोडण्याची पद्धत पसरली. कॅनन कंपनीने त्यासाठीचे सॉफ्टवेअर त्याच वर्षी एप्रिलमध्ये चाचणी स्वरूपात आणले. विदर्भाच्या खेड्यांत लग्नाच्या शूटिंगमुळे चांगला कॅमेरा आधीच गावात किंवा तालुक्याला होता, भर पडली ती एका स्वस्त कार्डाची. तेव्हापासून लग्ने, भागवत सप्ताह, खंजिरी भजने, शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटके यांचे ‘लाइव्ह’ याच जोडणीवर चालते.

विलंब एका जागी तयार होत नाही, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा साचतो. कॅमेऱ्याचा सेन्सर चौकट (फ्रेम) वाचतो, प्रोसेसर रंग-उजेड ठीक करतो, मग ती एचडीएमआयवर जाते. कार्ड ती गोळा करून यूएसबीवर ढकलते, संगणक ती उलगडतो आणि पडद्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहतो. बहुतेक टप्पे अख्खी चौकट हाती आल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, ५० असतील तर २०. म्हणून कॅमेऱ्याचे एचडीएमआय आउटपुट २५ वरून ५० वर नेले, तर कार्ड पुढे ३० च चौकटी देत असले तरी कॅमेऱ्याकडचा उशीर घटतो. ६० वर नेण्याचा मोह मात्र आवरावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकू लागतात. तरीही ६० हवेच असेल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवावे. जुन्या कॅमेऱ्याचे आउटपुट १०८०आय असेल तर अर्ध्या-अर्ध्या चौकटी जुळवण्यात आणखी वेळ जातो, आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनही (हलणारे चित्र स्थिर करणारी सोय) आपला वाटा घेते.

स्वस्त कार्डाचा प्रश्न मुख्यतः यूएसबीच्या रुंदीचा आहे. १९२० बाय १०८० ची न दाबलेली चित्रे सेकंदाला ३० या वेगाने न्यायची तर सुमारे ९९५ मेगाबिट वाट लागते, आणि यूएसबी २.० ची कागदावरची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. त्यामुळे असे कार्ड प्रत्येक चौकट जेपीईजी करून दाबते आणि संगणकाला ती पुन्हा उघडावी लागते. यूएसबी ३.० वर ५००० मेगाबिटची वाट असल्याने ही कसरत टळते, मात्र कार्ड आणि संगणकाची खाच (पोर्ट) दोन्ही ३.० ची हवीत. जुन्या लॅपटॉपवर, त्यातही वीज गेल्यावर तो बॅटरी बचतीवर उतरला की, उघडण्याचे काम रेंगाळते. लोडशेडिंगच्या गावात हा फरक भर कार्यक्रमात दिसतो.

केबलवर दोष ढकलण्याची सवय जुनी आहे. पंधरा मीटर केबल ओलांडायला सिग्नलला सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. लांब केबलने चित्र तुटेल, काळे पडेल, पण उशिरा येणार नाही. दुसरा ठरलेला आरोपी म्हणजे नेट. यूट्यूबवर चित्र अनेक सेकंद मागे असते हे खरे, पण तिथे आवाज आणि चित्र एकाच गठ्ठ्यात जातात. गडचिरोलीच्या आतल्या गावात रेंज कितीही रडतखडत असली तरी ओठ आणि शब्द तिच्यामुळे सहसा फाटत नाहीत. शंका असल्यास नेट बंद करून ओबीएस या रेकॉर्डिंग आणि ‘लाइव्ह’च्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे रेकॉर्डिंग करावे. त्यातही ओठ जुळत नसतील तर खोट आपल्याच टेबलावर आहे.

फारकत होते ती आवाज वेगळ्या वाटेने आल्याने. कॉलर माइक किंवा मिक्सरची वायर थेट लॅपटॉपला लावली की आवाज जवळजवळ लगेच पोहोचतो, चित्र मात्र सगळे टप्पे चालत येते. आवाज मागे राहिला तर माणूस ते बराच सहन करतो, कारण लांबून येणारा आवाज निसर्गातही मागेच असतो. पुढे गेलेला आवाज लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतो, मागे असेल तर १२५ पर्यंत चालून जातो, असे आकडे आहेत.

हे मोजायला खंजिरीसारखे साधन नाही. तुकडोजी महाराजांच्या भजन परंपरेमुळे ती विदर्भात गावोगाव असते. थाप कातड्यावर पडते तो क्षण चित्रात स्पष्ट दिसतो आणि आवाजाच्या आलेखात तिचा सुळका ताठ उठतो. दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकून सुळका आणि थापेची चौकट यांतल्या चौकटी मोजाव्यात. सेकंदाला ३० चौकटींच्या रेकॉर्डिंगमध्ये पाचांचा फरक म्हणजे सुमारे १६७ मिलिसेकंद. तेवढाच आकडा ओबीएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटला भरला की आवाज तितका थांबतो. ओबीएसमधले व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसचे बफरिंग (चौकटी थोडा वेळ साठवून ठेवणे) मोजणीच्या आधीच बंद करावे, नंतर केल्यास आकडा पुन्हा काढावा लागतो.

मंडपातल्या एलईडी भिंतीचे गणित उलटे आहे. तिथे आवाज स्पीकरमधून थेट येतो, त्याला थांबवून भागत नाही, कारण पुढच्या रांगेसमोर नट प्रत्यक्ष उभा असतो. वडसा परिसरातून निघणाऱ्या नाटक मंडळ्यांचे मंडप लांबलचक असतात. आवाजाला ३४ मीटर कापायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे भिंतीवरचे चित्र १०० मिलिसेकंद उशिरा असेल, तर रंगमंचाजवळच्या स्पीकरपासून तेवढ्या अंतरावर बसलेल्याला दोन्ही बरोबर जुळलेले वाटते, आणि मोठा पडदा पाहण्याची गरजही त्यालाच जास्त असते. अंतर मागच्या पोंग्यांपासून मोजायचे असेल तर हे गणित बदलते. भिंतीला लॅपटॉपमधून चित्र देणे ही मात्र हमखास चूक. कॅमेऱ्यानंतर लगेच एचडीएमआय स्प्लिटर लावून एक वाट सरळ भिंतीकडे आणि दुसरी कार्डाकडे न्यावी.

शंकरपटात वेगळी काळजी लागते. दोन्ही जोड्या एकाच चौकटीत असतील तर कोण पुढे हे पडद्यावरूनही खरेच कळते. पण घड्याळ झेंडी पाहून सुरू केले आणि पडदा पाहून थांबवले, तर सगळा विलंब जोडीच्या वेळेत जमा होतो. सेकंदाच्या अंशावर बक्षीस ठरते तिथे हा अन्याय आहे. वेळ डोळ्यांनी किंवा दोरीजवळच्या सेन्सरनेच घ्यावी.

झूम किंवा मीटमध्ये आवाज मागे सरकवण्याची सोय नसते आणि ओबीएसचा व्हर्च्युअल कॅमेरा फक्त चित्र पुढे देतो, त्यामुळे तिथला ऑफसेट पलीकडे पोहोचत नाही. आवाजासाठी वेगळे व्हर्च्युअल केबल सॉफ्टवेअर लागते. जिल्हा परिषद शाळेतल्या ऑनलाइन तासाला एवढा खटाटोप नको असेल, तर कॉलर माइक कॅमेऱ्याच्याच माइक जॅकला लावावा आणि मीटमध्ये मायक्रोफोन म्हणून कॅप्चर कार्ड निवडावे. आवाज चित्राच्याच वाटेने येतो, उरलेला फरक सहसा खटकत नाही. मात्र कॅमेऱ्याला माइकची खाच आहे का, हे वापरलेला कॅमेरा विकत घेण्यापूर्वी पाहावे. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत ती नसते.