धरसोड वेगळी, कौल न येणं वेगळं

"ऑटिझम आहे ना, म्हणून असा धरसोड करतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणणंही मला खटकतं. ज्याला बाजारातला प्रत्येक आवाज एकदम कानावर येतो, तो स्वतःत मग्न कसला? त्यात वर धरसोडीचा शिक्का बसला की घरचे उपाय करतात तेही भलतेच.

धरसोड काय असते ते कुणाला समजावून सांगायला नको. माझी आतेबहीण साडी घ्यायला बसली की ढीग लागतो, चौघींना विचारून होतं, "उद्या येते" म्हणून उठणंही होतं. पण तिच्याकडे नीट बघा. हात फिरून फिरून निळ्या साडीवरच जातो. तिचं मन केव्हाच बोललेलं असतं. नंतर पस्तावायला नको म्हणून ती त्याचं ऐकत नाही. कुणी "घे गं, शोभतेय" म्हटलं की मोकळी होते.

वेळ लागणं, दहा जणांना विचारणं, घरी आल्यावर हुरहुर लागणं हे धरसोडीतही दिसतं आणि ऑटिस्टिक माणसातही. त्यावरून काहीच ओळखता येत नाही.

आता माझा धाकटा भाऊ. ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो, हिशेबात पक्का. एकदा आई त्याला म्हणाली, "येताना एखादी चांगली भाजी आण." पाऊण तासानं तो रिकामी पिशवी घेऊन परत आला, घामाघूम. मेथी घ्यावी तर निवडायला वेळ लागतो आणि आईची पाठ दुखतेय. गवार परवाच झाली. वांगी आजीला चालत नाहीत. फ्लॉवर स्वस्त, पण 'चांगली' म्हणजे स्वस्त की ताजी? एवढी मांडणी होत आली की भाजीवाली विचारायची, "काय देऊ, दादा?" की सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, "अरे, मनाला काय वाटत होतं?" तो म्हणाला, "ताई, मनाला काहीच वाटत नव्हतं. सगळ्या सारख्याच होत्या."

हे कळायला मला फार वर्षं लागली. कोकणात देवाला कौल लावतात, मूर्तीला ओली पाकळी चिकटवून ती कुठल्या बाजूनं पडते ते बघतात. धरसोडीत पाकळी पडलेली असते, माणूस पुन्हा पुन्हा लावून बघत असतो. माझ्या भावाची पाकळी पडतच नाही. आपल्याला मेथी बघताच 'हीच' असं आतून येतं. त्याला तिथवर एकेक पायरी मोजत जावं लागतं, आणि रोजच्या शंभर फालतू गोष्टींसाठी असं मोजत बसलं की माणूस संध्याकाळपर्यंत पिळून निघतो. २०१२ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांनी नेमक्या याच अडचणी सांगितल्या: घाईनं ठरवावं लागणं, रोजचा क्रम मोडणं, ठरवताना दुसऱ्याशी बोलावं लागणं, आणि त्यातून येणारा थकवा.

याची दुसरी बाजूही आहे. ५० पौंडांपैकी '२० ठेवा' म्हटलं काय आणि '३० घालवा' म्हटलं काय, हिशेब एकच. पण 'घालवा' ऐकलं की बहुतेक लोक हातातले खात्रीचे २० सोडून सगळे ५० किंवा काहीच नाही अशा जुगाराकडे वळतात. २००८ साली बेनेडेट्टो दे मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी या धर्तीचा प्रयोग केला, तेव्हा ऑटिस्टिक लोक शब्दांच्या या फेरानं कमी हलले. जो आतला आवाज आपल्याला झटपट सोडवतो, तोच आपल्याला फसवतोही.

म्हणून कुणी 'ऑटिस्टिक माणसाला अंतर्ज्ञानच नसतं' असं म्हणू लागलं तर तेही मला मान्य नाही. तसा फरक न सापडलेले अभ्यासही आहेत. माझा भाऊ सोसायटीच्या पंपाचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगतो, तेव्हा तो कुठे पायऱ्या मोजतो? ज्यात मुरलाय तिथे त्याला कौल मिळतो. 'एखादी', 'चांगली', 'काहीही चालेल' हे शब्द आले की मिळत नाही.

आतेबहिणीला धीर द्यावा, थोडं ढकलावं. ते तिला लागू पडतं. भावाला "लवकर सांग" म्हणून ढकललं की त्याची मांडणी कोसळते. "मनाचं ऐक" हा सल्ला तर त्याला कधीच देऊ नये. जे ऐकूच येत नाही ते ऐकायला सांगणं दुष्टपणाचं आहे.

आता आई विचारते, "मेथी की गवार? दहा मिनिटांनी फोन करते." सोमवारी पालेभाजी, मंगळवारी शेंगभाजी असं पिशवीतल्या कागदावर लिहिलेलं असतं. दोन्ही नसतील तर बटाटे, तेही खाली त्याच्याच अक्षरात.