प्रोग्रेसिव्ह रॉकचे सराउंड रिमिक्स: पन्नास वर्षांची पार्श्वभूमी आणि गावातली खोली

विदर्भातल्या गावांत ५.१ होम थिएटर आता नवलाईचं राहिलेलं नाही. नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला असेंबल केलेला ॲम्प्लिफायर, पाच लहान स्पीकर, एक वूफर आणि पेनड्राइव्ह लावायची सोय असा सेट बऱ्याच घरांत टीव्हीखाली दिसतो. घेतलेला असतो पिक्चरसाठी. पण याच सहा स्पीकरांसाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत १९७० च्या आसपासचे प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे लांब आणि अनेक थरांच्या रचना असलेल्या पाश्चात्त्य रॉक संगीताचे, गाजलेले अल्बम मूळ टेपवरून पुन्हा मिक्स झाले आहेत आणि स्ट्रीमिंगमुळे त्यांतले काही आता दिग्रस किंवा देसाईगंजच्या बाजूच्या खेड्यातही ऐकता येतात. ते नीट ऐकू येतील की नाही, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: स्टुडिओत वेगळे ठेवलेले आवाज स्पीकरपर्यंत वेगळेच पोचतात का? या संगीताचा सराउंडमधला, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजातला, सगळा प्रवास याच अडचणीभोवती फिरला आहे.

हे संगीत सराउंडसाठी इतकं योग्य का, ते आधी पाहू. किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' १९६९ मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे ठेवणाऱ्या, टेपवर रेकॉर्ड झाला. आठ ट्रॅक भरले की काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाद्य भरायचं, ही त्या काळची रीत. त्यात मेलोट्रॉन हे वाद्य. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे टेपचा वेगळा तुकडा असतो, त्यावर व्हायोलिन किंवा बासरीचा खरा सूर भरलेला असतो आणि पट्टी दाबून धरली तरी तो साधारण ८ सेकंदांत संपतो. त्यामुळे लांब सुरावटीसाठी बोटं सतत बदलावी लागतात आणि एकावर एक थर चढवावे लागतात. एवढं सगळं शेवटी दोन स्पीकरांत बसवताना मेलोट्रॉन, गिटार आणि झांजा एकमेकांवर चढतात, मधल्या उंचीच्या सुरांत नुसता गलका होतो. भजनी मंडळाच्या मधोमध बसलं की पेटी एका अंगाला, मृदंग दुसऱ्या अंगाला, टाळ पाठीमागे आणि खंजिरी समोर अशी प्रत्येकाची जागा कानाला कळते. मंडपाबाहेरच्या एका भोंग्यातून तेच भजन ऐकलं तर कळत नाही. फरक तोच.

आवाज चहूबाजूंनी फिरवायची कल्पना या मंडळींना रिमिक्सच्या फार आधी सुचली होती. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइड या बँडने 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाची पेटी वापरली. तिच्यावरची दांडी हलवली की आवाज सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई. १९७० नंतर कंपन्यांनी हेच घरात आणायचं ठरवलं आणि त्याला नाव दिलं क्वाड्राफोनिक, म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर.

गाडी अडली ती तबकडीवर. तबकडीच्या खाचेला दोनच भिंती, त्यामुळे दोनच चॅनेल, म्हणजे आवाजाच्या दोनच वेगळ्या वाटा. चार बसवायचे कसे? सीबीएस कंपनीच्या एसक्यू आणि सान्सुई कंपनीच्या क्यूएस पद्धतीत चार चॅनेल गणिती रीतीने दोनांत मिसळायचे आणि घरी डीकोडर नावाच्या यंत्राने पुन्हा वेगळे काढायचे. मिसळलेलं पूर्ण वेगळं होत नाही. साध्या एसक्यू डीकोडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चॅनेलमधला फरक जेमतेम ३ डेसिबल राही, म्हणजे मागचं वाद्य पुढूनही जवळजवळ तितकंच ऐकू येई. फरक वाढवणारे 'लॉजिक' डीकोडर आले, पण ते महाग होते आणि आवाज बदलताना खालीवर होत असल्याचं जाणवे. जेव्हीसीची सीडी-४ पद्धत यापेक्षा प्रामाणिक होती. पुढच्या-मागच्या आवाजाची बेरीज नेहमीच्या पट्ट्यात आणि वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर, म्हणजे चारही चॅनेल खरोखर वेगळे. पण ती लहर वाचायला शिबाटा घडणीची खास सुई आणि कमी कपॅसिटन्सची वायर लागे. साध्या सुईने तबकडी काही वेळा वाजवली की बारीक खाच झिजे आणि मागचे स्पीकर खरखरू लागत. एका पद्धतीची तबकडी दुसऱ्या डीकोडरवर नीट चालत नसे. दुकानदारालाच समजावता येईना, मग गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवणार? १९७० चं दशक संपेपर्यंत क्वाड बाजारातून उठलं.

त्या अल्प काळातही मोलाचं काम झालं. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ मध्ये आला आणि त्याचं क्वाड मिक्स त्याचेच रेकॉर्डिंग इंजिनिअर ॲलन पार्सन्स यांनी केलं. त्यातल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला एकदम वाजणारी घड्याळं त्यांनी एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केली होती, तीही क्वाडचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. अल्बममध्ये ती नंतर आली. म्हणून तो तुकडा दोन स्पीकरांत नुसता दचकवतो. चार स्पीकरांत मात्र प्रत्येक घड्याळ आपल्या जागेवर उभं राहतं.

पुढची वीस वर्षं घरातलं सराउंड जवळपास थांबलं आणि परत आलं ते सिनेमाच्या वाटेने. थिएटरांत अनेक चॅनेलचा डिजिटल आवाज देणारं डॉल्बी डिजिटल १९९२ ला, तसंच डीटीएस १९९३ ला आलं, मग डीव्हीडीमुळे पाच स्पीकर आणि एक वूफर घरात शिरले. संगीतासाठी १९९९ ला एसएसीडी आणि २००० ला डीव्हीडी-ऑडिओ या दोन चकत्या आल्या. पुन्हा दोन पद्धती, पुन्हा भांडण. चॅनेल आता पूर्ण वेगळे होते, पण कॉपी होईल या भीतीने कंपन्या ते डिजिटल वायरमधून बाहेर सोडत नव्हत्या. प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सहा ॲनालॉग वायरी ओढाव्या लागत. त्या मार्गाने आलेल्या आवाजावर बहुतेक ॲम्प्लिफायर स्पीकरच्या अंतराची दुरुस्ती आणि बासची विभागणी करत नसत, त्यामुळे चांगली चकतीसुद्धा कोरडी वाजे. एचडीएमआयच्या १.१ आवृत्तीत, २००४ मध्ये, डीव्हीडी-ऑडिओ आणि १.२ मध्ये, २००५ मध्ये, एसएसीडी एका वायरीतून जाऊ लागली.

'डार्क साइड'चं जेम्स गथ्री यांनी केलेलं ५.१ मिक्स २००३ च्या एसएसीडीवर आलं. २०११ च्या मोठ्या संचात पार्सन्स यांचं क्वाड आणि गथ्री यांचं ५.१ अशी दोन्ही मिक्स एकत्र मिळाली. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत: पार्सन्स आवाज बेधडक मागे नेतात, गथ्री खोलीचा तोल सांभाळतात. त्यातल्या 'ऑन द रन' या तुकड्यासाठी आमची पसंती जुन्या क्वाडला आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रिमिक्सला खरी गती आली ती २००९ पासून, पॉर्क्युपाइन ट्री या बँडचे स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसनचे अल्बम हाती घेतल्यावर. त्यांनी शक्य तिथे एकत्र केलेले ट्रॅक सोडून त्याआधीच्या मूळ टेप शोधल्या आणि त्या संगणकात एकमेकींशी जुळवल्या. १९६९ मध्ये नाइलाजाने एकत्र चिकटलेली वाद्यं अशी पुन्हा सुटी झाली. आधी जुन्या स्टिरिओ मिक्सशी तुकड्यातुकड्याने ताडून बघत तेच मिक्स पुन्हा उभं करायचं, प्रतिध्वनीसुद्धा तेवढाच, आणि ते जुळल्यावरच पाच स्पीकरांत पसरवायचं, ही त्यांची पद्धत. म्हणून त्यांच्या मिक्समध्ये गाणं परकं वाटत नाही. त्यांनी पुढे जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट, इमर्सन लेक अँड पामर या बँडांचेही अल्बम केले. येसचा १९७२ चा 'क्लोज टू द एज' (रिमिक्स २०१३) विशेष अवघड होता. मूळ रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत झालेलं आणि टेप कापून जोडलेली, त्यामुळे तो प्रत्येक जोड नव्याने बसवावा लागतो. जेनेसिस या बँडचे अल्बम निक डेव्हिस यांनी २००७-०८ मध्ये केले.

टेपचंही एक दुखणं आहे. १९७० च्या मध्यापासूनच्या काही टेपांतला चिकट थर हवेतला ओलावा शोषतो आणि वाजवताना यंत्राच्या हेडवर काजळी सोडतो. अशा टेप आधी ५० ते ५५ अंशांवर काही तास सुकवाव्या लागतात आणि त्यानंतर लगेच डिजिटल करून घ्याव्या लागतात, कारण सुधारणा टिकत नाही. ज्या गाण्याची मल्टिट्रॅक टेप सापडतच नाही त्याचं खरं सराउंड होऊ शकत नाही.

डॉल्बीच्या ॲटमॉस या नव्या सराउंड पद्धतीत छतावरचे स्पीकरही धरले जातात. 'क्रिमसन किंग' त्यात २०२० मध्ये, 'डार्क साइड' २०२३ मध्ये आला. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून ॲटमॉस द्यायला सुरुवात केली.

आता आपल्या खोलीकडे. असेंबल केलेल्या पुष्कळ सेटांत '५.१' फक्त डब्यावर असतं. आत स्टिरिओच आवाज पाचही स्पीकरांना वाटला जातो. ओळखायची सोपी रीत: पुढच्या तिन्ही स्पीकरांच्या वायरी काढा आणि फक्त मागचे दोन ऐका. अख्खं गाणं, मुख्य गळ्यासकट, सतत मागून येत असेल तर चॅनेल वेगळे नाहीत. सेट बरोबर असूनही असं होऊ शकतं. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर ऑप्टिकल वायरमधून दोनच चॅनेल जातात. तिथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' निवडा. किंग क्रिमसनच्या डीव्हीडी-ऑडिओ चकत्यांवर डीटीएस ५.१ सुद्धा असतं, त्यामुळे साधा डीव्हीडी प्लेअर आणि डीटीएस वाचणारा डीकोडर एवढ्यावर त्या सराउंडमध्ये वाजतात. एसएसीडीचं तसं नाही: हायब्रिड, म्हणजे साध्या सीडीचाही थर असलेली, चकती साध्या प्लेअरवर चालते, पण फक्त स्टिरिओ. चकती खोटी निघाली असं समजून ती परत करू नये. डीटीएस भरलेली सीडी किंवा वेव्ह फाइल डीकोडर नसलेल्या सेटवर लावली की नुसता फसफसाट येतो, तोही पूर्ण जोरात. आवाज आधी कमी करूनच लावा. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, जे जुने डीकोडर बोर्ड वाचत नाहीत. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डॉल्बी डिजिटल' निवडल्यावर बऱ्याच टीव्हींतून ५.१ बाहेर पडतं.

वायरीची उलटापालट हा दुसरा नेहमीचा दोष. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांना क्षणभर लावा. सेलचं अधिक टोक लालला असताना कोन बाहेर आला पाहिजे. पाचांपैकी एकही उलटा असेल तर बास पातळ होतो आणि मधला गळा जागेवर राहत नाही.

१० बाय १२ फुटांच्या खोलीत खाली गादीवर बसून ऐकायचं असेल तर डोक्याच्या जागी सुतळी बांधा आणि ५ फुटांवर गाठ मारा. पुढचे दोन स्पीकर त्या गाठीवर, एकमेकांपासूनही ५ फूट. मागचे दोन कानाच्या रेषेपासून १ फूट ८ इंच मागे आणि मध्यापासून ४ फूट ८ इंच बाजूला. त्यांना पार पाठीमागच्या कोपऱ्यात टांगू नका. मधला स्पीकर पुढच्या दोघांच्या रेषेतच ठेवला तर तो ८ इंच जवळ येतो. डिलेची, म्हणजे आवाज थोडा उशिरा सोडायची, सोय असेल तर त्याला अर्धा-पाऊण मिलिसेकंद द्या. खाली बसल्यावर कान जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतो, मग खिळ्याला ७ फुटांवर टांगलेले स्पीकर डोक्यावरून बोलतात. स्टुलावर ठेवा. प्रत्येकातून चाचणीचा खरखर आवाज सोडून मोबाइलच्या मीटरवर सगळ्यांची पातळी सारखी करा. आकडा अचूक नसला तरी तुलना बरोबर येते.

स्लॅबच्या नव्या खोल्या घुमतात. टाळी वाजवल्यावर झणझण राहिली तर आपल्याच भागातल्या कापसाच्या ४ इंची गाद्या पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे स्पीकरचा आवाज भिंतीवर आदळून कानाकडे वळतो तिथे, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून उभ्या करा. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूंचं छत असेल तर घुमारा मुळातच कमी असतो. टिनाचं छत मात्र बासबरोबर थरथरतं. वूफर कोपऱ्यातून काढा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर वूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

गुणगुण येत असेल तर टीव्ही, प्लेअर, ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची वायर कधीही कापू नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भुणभुण राहणारच. कृषिपंप चालू झाले की डीपीवर भार येऊन व्होल्टेज पडतं आणि जोरदार तुकड्यात आवाज फाटतो. स्टॅबिलायझर असला तरी अशा वेळी आवाज थोडा कमीच ठेवा. मे महिन्यात कूलर चालू असताना 'क्लोज टू द एज'च्या सुरुवातीचे पक्षी आणि पाणी, किंवा 'क्रिमसन किंग'मधल्या 'मूनचाइल्ड'चा लांबलचक हलका भाग ऐकू येणारच नाही. तो पहाटे, कूलर बंद करून ऐकायचा.