प्रकाश न अडवता घडवलेले स्पंद

लेझरच्या अखंड झोतातून छोटे छोटे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक ठोके, हवे असतील तर आधी दरवाजाच आठवतो. क्षणभर उघडायचा, मग लावून घ्यायचा. स्पंद मिळतात, पण दरवाजा बंद असतानाचा सगळा प्रकाश वाया जातो. स्पंद जितका आखूड, तितकी नासाडी मोठी. मला दुसरी रीत फार देखणी वाटते: प्रकाश अडवायचा नाही, त्याची फक्त वेळ बदलायची.

त्यासाठी झोत लिथियम नायोबेटच्या स्फटिकातून नेतात. विद्युतदाब दिला की या स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाशाला किती मंदावतो ते माप, किंचित बदलतो. हा दाब 10 गिगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 1000 कोटी वेळा वरखाली केला, की लाटांची शिखरे कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा बाहेर पडतात. लाटेचे शिखर कधी येते ती तिची फेज (कला); ती अशी बदलत राहणे हेच फेज मॉड्युलेशन, आणि ते करणारा हा स्फटिक म्हणजे मॉड्युलेटर. इथे तीव्रता मोजली तर ती अगदी सपाट दिसते, जणू काहीच घडलेले नाही. बदललेली असते ती वारंवारता. दर 100 पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) प्रकाश एकदा निळ्याकडे, म्हणजे आखूड तरंगलांबीकडे, आणि एकदा तांबड्याकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे झुकतो, तोही अगदी सूक्ष्म.

मग हा झोत काही किलोमीटर ऑप्टिकल फायबरमधून सोडायचा. काचेत सगळ्या तरंगलांब्या एकाच वेगाने जात नाहीत, हे अपस्करण. 1550 नॅनोमीटरच्या आसपास, नेहमीच्या फायबरमध्ये, तरंगलांबीतला 1 नॅनोमीटरचा फरक दर किलोमीटरला सुमारे 17 पिकोसेकंदांचे अंतर पाडतो, आणि आखूड तरंगलांबी पुढे जाते. त्यामुळे जिथे तांबडा भाग पुढे आणि निळा मागे असतो, तिथे मागचा पुढच्याला गाठतो. फायबरची लांबी नेमकी असली की सगळे एकाच क्षणी पोहोचतात. तोच आपला स्पंद. लांबी जास्त झाली तर निळा पुढे निघून जातो आणि स्पंद पुन्हा फाकतो.

1937 साली अमेरिकेतल्या व्हेरियन बंधूंनी क्लायस्ट्रॉन या सूक्ष्मलहरींच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचे पुंजके असेच बांधले होते: वेग थोडा कमीजास्त करायचा आणि पुढच्या अंतरात त्यांना आपोआप जमू द्यायचे. भिंगही हेच करते. ते किरण अडवत नाही, फक्त त्यांच्या फेजमध्ये फरक पाडते. एकत्र आणायचे काम पुढचे अंतर करते. म्हणून या मॉड्युलेटरला ‘काळाचे भिंग’ म्हणतात.

हे भिंग निर्दोष मात्र नाही. प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात क्रम उलटा असतो, निळा पुढे आणि तांबडा मागे. तो भाग जमण्याऐवजी पसरतो आणि स्पंदांच्या तळाशी अंधूक उजेड राहतो. तो नको असेल तर त्या अर्ध्या भागापुरता दरवाजा लावावाच लागतो.