दैनंदिन वाचन

दैनंदिन वाचन : परीक्षा, संशोधन अशा खास हेतूंवाचून, रोजच्या व्यवहारात सहज आणि पुष्कळदा नकळत घडणारे वाचन. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, वीजबिल, करारनामा, वर्तमानपत्र, फोनवर आलेला निरोप आणि झोपण्यापूर्वी वाचलेली कादंबरीची चार पाने, हे सारे त्यात मोडते.

‘वाचणे’ या क्रियापदाचे नाते ‘वाच्’ म्हणजे वाणीशी आहे आणि ते अर्थपूर्ण आहे, कारण पूर्वी वाचन बहुधा मोठ्यानेच होत असे. मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचत बसे, याची ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस मुद्दाम नोंद केली. मात्र तोवर मूकवाचन कोणालाच ठाऊक नव्हते, असा तिचा अर्थ लावणे अतिशयोक्तीचे ठरेल.

लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची असल्याने वाचनासाठी मेंदूत जन्मजात व्यवस्था नाही. दृश्ये ओळखणाऱ्या भागांपैकी काही भाग सरावाने या कामाला जुंपला जातो. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तर उड्या घेतो, आणि दोन उड्यांमध्ये साधारण २०० ते २५० मिलिसेकंद स्थिरावतो तेवढ्यातच अक्षरे टिपतो. पुढे हे इतके अंगवळणी पडते, की ते थांबवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप याने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, निळ्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द दाखवून शाईचा रंग विचारल्यास माणूस अडखळतो, असे दिसले. साक्षराला न वाचणे जमत नाही, असेच म्हणावे लागते.

व्यवहारात वाचनाचे मोल मुख्यतः एका गोष्टीत आहे : वेग वाचणाऱ्याच्या हाती असतो. ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ ही तोंडी सूचना घरी पोचेपर्यंत ‘जेवणाआधी’ होऊ शकते; वेष्टनावरची ओळ मात्र पुन्हा पाहता येते. करारनाम्यातील ‘परंतु’ने सुरू होणारे वाक्य पहिल्या वाचनात निसटते आणि दुसऱ्या वाचनात आधीच्या सगळ्या कलमाचा अर्थ फिरवते. ऐकणाऱ्याला ही मुभा क्वचितच मिळते.

दुसरा लाभ संथपणे साठत जातो. हेज आणि अहरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतही सुशिक्षित प्रौढांच्या बोलण्यापेक्षा कमी प्रचारातले शब्द अधिक असतात. म्हणजे शब्दसंग्रह केवळ गप्पांवर फारसा वाढत नाही. त्याच वर्षी रेक्ट आणि लेस्ली यांच्या अभ्यासात बेसबॉलची चांगली माहिती असलेली, पण वाचनात कच्ची मुले त्या खेळावरील उतारा समजण्यात वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. माहितीने आकलन वाढते, आकलन वाढले की वाचन रुचते आणि त्यातून पुन्हा माहिती मिळते. या चक्राबाहेर राहिलेल्यांचे अंतर मात्र वाढत जाते. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच याने १९८६ मध्ये त्याला, ‘ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळेल’ अशा अर्थाच्या बायबलमधील मॅथ्यूच्या वचनावरून, ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले.

नाव लिहिता येणे आणि अर्ज समजून भरता येणे यांत मोठी तफावत असते. युनेस्कोने १९७८ मध्ये कार्यात्मक साक्षरतेची व्याख्या केली, तीही स्वतःच्या आणि समाजाच्या व्यवहारात वाचन, लेखन व गणन वापरता येण्यावर बेतलेली आहे. ही उणीव प्रौढ माणूस सहसा बोलून दाखवत नाही. ‘चष्मा घरी राहिला’ म्हणत तो कागद शेजाऱ्याकडे सरकवतो.