काच काळी केली म्हणून गाडी थंड होत नाही

एप्रिल-मे महिन्यात सकाळी गाडी घेऊन बीडहून छत्रपती संभाजीनगरला निघा. सोलापूर-धुळे महामार्ग गेवराई, पाचोड करत उत्तरेला जातो, त्यामुळे पूर्व उजव्या हाताला येते. कामं उरकून चार-पाचला परत फिरलात की तोंड दक्षिणेला आणि पश्चिम उजव्या हाताला. जाताना आणि येताना, दोन्ही वेळेस सूर्य ड्रायव्हरच्याच खिडकीत. एसी फुल्ल असतो, तोंडावर गार हवा येत असते आणि उजवा हात मात्र कोपरापासून मनगटापर्यंत भाजत असतो. हवा गार असूनही हात भाजतो, कारण ती उष्णता हवेतून आलेलीच नसते. ती सूर्याकडून किरणांच्या रूपात निघते आणि थेट कातडीवर येऊन थांबते. तिला अडवायचं तर काचेवरच अडवायला हवं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं, गडबड पुढच्या पायरीला होते. संभाजीनगरचा जालना रोड असो की नांदेड, लातूर, परभणी, फिल्म लावायला आलेला माणूस दुकानात पहिलं वाक्य एकच बोलतो: "भाऊ, डार्क टाका." काच जितकी काळी तितकी गाडी थंड, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. ती चुकीची का आहे हे कळायला उन्हात नेमकं काय असतं ते पाहावं लागतं.

स्वच्छ आकाशातलं दुपारचं ऊन सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा ओततं. या ऊर्जेचे शंभर भाग केले तर चार-पाच भाग अतिनील किरणांचे, सुमारे ४३ भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे आणि उरलेले ५२-५३ भाग अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे आयआर) किरणांचे. निम्म्याहून जास्त ऊन आपल्याला दिसतच नाही. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढलेला आढळला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

आता स्वस्त काळी फिल्म घ्या. ती म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यात मिसळलेला रंग. रंगाचं काम दिसणारा प्रकाश शोषून घेणं, म्हणून तर तो काळा दिसतो. अवरक्त किरणांना हा रंग फारसा अडवत नाही. शंभरातल्या ४३ भागांवर सगळा जोर लावायचा आणि ५३ भागांना वाट मोकळी ठेवायची, असा हा व्यवहार. रात्री मात्र समोरून हेडलाइट नसलेला ट्रॅक्टर किंवा उसाची गाडी येत असेल तर ती दिसत नाही. वर दोन-तीन उन्हाळ्यांत अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात आणि काच जांभळट पडते. अशा जांभळ्या काचांच्या गाड्या आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसतील.

मग जवळजवळ पारदर्शक दिसणारी सिरॅमिक फिल्म, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेली फिल्म, उष्णता कशी अडवते? हा प्रश्न मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर आहे. तिच्यातलं विद्युतक्षेत्र एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं सतत उलटत राहतं. हिरव्या प्रकाशात ते सेकंदाला सुमारे ५५० लाख कोटी वेळा होतं, एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या अवरक्त लहरीत सुमारे ३०० लाख कोटी वेळा. ही लहर एखाद्या पदार्थात शिरली आणि तिथे मोकळे इलेक्ट्रॉन असले तर लहर त्यांना ढकलते. इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकले की मागे राहिलेला धनभार त्यांना परत ओढतो, ते परत येतात, पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. म्हणजे त्या इलेक्ट्रॉनांच्या थव्याला स्वतःची एक ठरावीक लय असते, झोक्याला असते तशी. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्याच्या लयीपेक्षा सावकाश ढकललं तर झोका हाताबरोबर मुकाट येतो-जातो. त्याच्या लयीपेक्षा फार भरभर हात हलवला तर तो जागच्या जागी थरथरतो.

इलेक्ट्रॉनांचंही तेच. लहर त्यांच्या लयीपेक्षा सावकाश असेल तर ते तिच्याबरोबर हलतात, हलताना स्वतःचं उलटं क्षेत्र तयार करतात आणि लहरीला आत शिरू देत नाहीत. लहर त्या लयीपेक्षा जलद असेल तर इलेक्ट्रॉनांना तिच्या मागे धावता येत नाही आणि ती आरपार निघून जाते. पदार्थ तोच, पण एका लहरीला भिंत आणि दुसरीला उघडं दार.

ही लय कशावर ठरते? दर घन सेंटीमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती, यावर. नेमकं सांगायचं तर त्या संख्येच्या वर्गमुळावर. चांदीत ते इतके दाटीने असतात की दिसणारा सगळा प्रकाश त्यांच्या लयीपेक्षा सावकाश ठरतो आणि परतवला जातो. म्हणून चांदी चकाकते. आता चांदीच्या साठाव्या हिश्श्याइतकेच मोकळे इलेक्ट्रॉन असलेला पदार्थ मिळाला, तर लय सात-आठपट खाली येते आणि मर्यादा नेमकी दृश्य प्रकाशाच्या खाली, अवरक्तात जाऊन बसते. दिसणारा प्रकाश पार, अवरक्त अडलेलं. असे पदार्थ माणसाने हिशोबाने बनवले आहेत. इंडियम ऑक्साइडमध्ये थोडं कथील मिसळायचं. इंडियम तीन इलेक्ट्रॉन देतं, कथील चार, त्यामुळे कथिलाच्या अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा मिळू शकतो. कथिलाच्या ऑक्साइडमध्ये अँटिमनी मिसळली तर तीच युक्ती. किती मिसळायचं यावर लय ठरवता येते. तुमच्या मोबाइलच्या टचस्क्रीनवर न दिसणारा जो वाहक थर असतो, तो बहुतेक वेळा कथील मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडचाच असतो.

फिल्ममध्ये असे ऑक्साइड अखंड थर म्हणून नसतात, शंभर नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान अशा सुट्या कणांच्या रूपात असतात. याने दोन गोष्टी साधतात. कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी लहान असल्याने काच धुरकट होत नाही. आणि कण एकमेकांना चिकटलेले नसल्याने फिल्म रेडिओ लहरींना अडवत नाही. धातूचा अखंड थर दिलेल्या फिल्मचं तसं नाही. ती उष्णता चांगली परतवते, पण जीपीएस, मोबाइलची रेंज आणि पुढच्या काचेवरचा फास्टॅग यांच्याशी तिचं पटत नाही. फास्टॅगचा रेडिओ संकेत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि धातूच्या थरातून तो नीट जात नाही. टोलनाक्यावर गाडी मागे-पुढे करत बसावं लागतं.

कण सुटे असल्याचा एक तोटाही आहे. सुट्या कणात इलेक्ट्रॉन हेलकावे खातात, लहरीची ऊर्जा घेतात आणि तिची उष्णता करतात. म्हणजे सिरॅमिक फिल्म अवरक्त किरण मुख्यतः परतवत नाही, शोषते, आणि मग फिल्मसकट काच तापते. फिल्म लावल्यावर काचेला आतून हात लावून "अहो, ही तर जास्तच गरम लागते" म्हणणारे खोटं बोलत नसतात. तापलेली काच ती उष्णता दोन्हीकडे टाकते. गाडी धावत असेल तर बाहेरचा वारा मोठा वाटा घेऊन जातो आणि साधारण चौथा हिस्सा आत येतो. गाडी तहसीलच्या मैदानात उभी असेल, वारा पडलेला असेल, तर आतला वाटा वाढतो. उन्हात तासन् तास उभ्या गाडीत फिल्मचा फायदा कमी जाणवतो तो यामुळे, आणि छत, दारं, बॉनेट तापत राहतात त्यामुळेही. तिथे कडुलिंबाच्या झाडाची सावली कुठल्याही फिल्मपेक्षा सरस.

यातून एक साधा हिशोब निघतो, तो फिल्म घ्यायला जाताना पाठ असू द्या. काच आणि फिल्म मिळून ७० टक्के दृश्य प्रकाश आत सोडत असतील तर ४३ भागांतले ३० भाग आत आलेच. प्रकाश हीच ऊर्जा आहे, सीटवर पडला की त्याची उष्णता होते. बाकीचे ७० भाग फिल्मने एकूण एक परतवले, असं अगदी आदर्श धरलं तरी उष्णता-रोध ७० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ते ७० भाग शोषले गेले आणि त्यांचा चौथा हिस्सा आत आला, तर रोध ५२-५३ टक्क्यांवर येतो. काच इतकीच पारदर्शक ठेवून "८० टक्के उष्णता बंद" असं कुणी म्हणत असेल तर ते निसर्गनियमात बसत नाही. मग त्याच्या नावात नॅनो असो की ग्राफीन.

दुकानातला दिव्याचा प्रयोगही याच हिशोबाने पाहा. लाल उष्णता-दिवा, मध्ये फिल्म लावलेली काच, पलीकडे तुमचा तळहात. फिल्म सरकवली की हात गार पडतो, काढली की चटका. प्रयोग खरा असतो, पण दिवा सूर्यासारखा नसतो. तापलेल्या तारेच्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्तात असते आणि दिसणारा प्रकाश अगदी थोडा. त्यामुळे अवरक्त खाणारी फिल्म तिथे चमत्कार वाटते. शिवाय हात पाच-दहा सेकंदच ठेवलेला असतो, काच तापायला वेळच मिळत नाही. पाच मिनिटं थांबा आणि मग हात धरा. "आयआर ९९ टक्के" हा आकडाही बरेचदा एखाद्या निवडक तरंगलांबीवर मोजलेला असतो, आणि उन्हातलं अवरक्त ७८० पासून २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेलं आहे. विचारायचा आकडा दुसरा: एकूण सौरऊर्जा-रोध, म्हणजे टीएसईआर. तो छापील कागदावर मागा.

आणखी एक प्रकार आहे, शेकडो पारदर्शक प्लास्टिक थरांचा. प्रत्येक थर अवरक्त लहरीच्या पाव लांबीच्या हिशोबात बेतलेला असतो आणि थराथरावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिळून अवरक्त मागे फिरवतात. धातू नाही, शोषण कमी. किंमत मात्र बरीच जास्त.

उन्हाळ्यात दरवर्षी फिरणाऱ्या एका व्हिडिओबद्दल बोलायला हवं: गाडीला बाहेरून शेणाचा लेप. लेप ओला असेपर्यंत बाष्पीभवनाने पत्रा गार राहतो, जाड थर उष्णता थोडी उशिरा आत जाऊ देतो, एवढंच त्यातलं भौतिकशास्त्र. ओल्या मातीनेही तेच होईल. काचेतून येणाऱ्या उन्हावर त्याचा काडीचा परिणाम नाही, आणि वाळलेला तपकिरी लेप पांढऱ्या रंगापेक्षा जास्तच ऊन शोषतो. शेणात किरणं परतवण्याची खास शक्ती आहे, हे सांगणाऱ्यांनी आजवर थर्मामीटर लावून दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. गाडी घेतानाच पांढरी घ्या, छतापुरता प्रश्न बराच सुटतो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर कुठलीही फिल्म चिकटवायलाच मनाई केली. नंतर नियमात सेफ्टी ग्लेझिंगची, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या काचेची, तरतूद आली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादांत बसणारी, मानकानुसारची ग्लेझिंग चालेल असं म्हटलं. तो निकाल केरळचा आहे. आपल्याकडे चौकातला पोलीस काळी काच बघून पावती फाडतो, म्हणून फिल्म दिसायला पारदर्शकच असावी आणि प्रमाणपत्राची प्रत गाडीत असावी.

इथे गुणाकार विसरू नका. गाडीची मूळ काच हिरवट असते, तिच्यातलं लोह थोडं अवरक्त आधीच शोषतं आणि प्रकाशही ७५-८० टक्केच सोडतं. अशा ७५ टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली की उरतात साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला हे चालेल, पुढच्या काचेला नाही. ७८ टक्क्यांच्या पुढच्या काचेला ७० वर राहायचं तर फिल्म ९० टक्के पारदर्शक हवी. पैसे मोजकेच असतील तर आधी पुढच्या दारांच्या काचा करा. मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस तेव्हाचेच. त्या वेळी ऊन छतावर आणि तिरप्या पुढच्या काचेवर पडतं. दारांच्या काचांतून ते येतं सकाळी आणि चारनंतर, आणि प्रवास बहुतेकांचा तेव्हाच असतो.

लावताना मराठवाड्यात दोन शत्रू: धूळ आणि बोअरचं पाणी. फिल्मखाली अडकलेला एक कण कायमचा पांढरा ठिपका होतो, म्हणून शटर ओढलेल्या, फरशीवर पाणी मारलेल्या जागेत सकाळच्या वेळी काम करून घ्या. काच ओली करायला बोअरचं जड पाणी वापरलं तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आरओचं पाणी आणि त्यात शाम्पूचे चार थेंब, याचा आग्रह धरा. मागच्या वळणदार काचेवर फिल्म बाहेरून हीट गनने बसवून मग आत चिकटवतात. तिथे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा असतात, जुनी फिल्म ओरबाडली तर त्या सोबत निघून येतात, म्हणून ती वाफ देऊन हळू काढायला सांगा. त्यानंतर तीन-चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत. पावसाळ्यात लावली तर आतली ओल सुकायला आठवडे लागतात आणि तोवर दिसणारा धुरकटपणा हा बिघाड नसतो. काच पुसायला अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, तो फिल्मच्या कडा उचलतो.